फिलिपिनो मित्राच्या घरी मयत झाली तर काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुबई, दोहा, मस्कत, लंडनची हॉस्पिटलं, मालवाहू जहाजं, क्रूझ... आपला मराठी माणूस जिथे कामाला जातो तिथे शेजारच्या बेडवर नाहीतर शेजारच्या काउंटरला फिलिपिनो असतोच. वाढदिवसाला केक खाणं सोपं असतं हो, पण त्याची आई गेली की आपण गोंधळतो. काय बोलायचं, पैसे द्यायचे का, गेलो तर काय घालायचं, आणि तिथे लोक चक्क पत्ते खेळत बसलेत तर आपण कुठे बघायचं. बरेच जण हेच प्रश्न परत परत विचारतात म्हणून एका जागी लिहून ठेवतोय. यातलं बहुतेक सगळं ख्रिश्चन, त्यातही कॅथलिक फिलिपिनोंबद्दल आहे. बाकीच्यांचं खाली वेगळं लिहिलंय.

बातमी कळली. आधी काय बोलू?

"नाकिकिरामाय पो आको." तुमच्या दुःखात मी सामील आहे, असा अर्थ. "पो" मानार्थी आहे, मोठ्यांशी बोलताना तो सोडू नका. उच्चार चुकला तरी चालतो, तुम्ही प्रयत्न केलात याचंच त्यांना अप्रूप वाटतं. जमत नसेल तर इंग्रजीत कंडोलन्स म्हणा, तिकडे तो शब्द रोजच्या बोलण्यातलाच आहे. एक मात्र लक्षात ठेवा, समोरचा थँक यू म्हणाला नाही तर राग मानू नका. सांत्वनाला आभार मानले की अपशकुन होतो असं खूप घरांत मानतात. तसंच निघताना दारापर्यंत सोडायला कुणी येणार नाही, त्यामागेही हीच समजूत.

लामाय म्हणजे नक्की काय? किती दिवस चालतो?

लामाय म्हणजे मृतदेहाजवळ जागणं. सेबू बेटाकडे त्यालाच हाया म्हणतात. आपल्याकडे माणूस गेला की कोण कुठपर्यंत पोचलंय एवढं बघून त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी उरकतात, तिथे तसं नाही. देह एम्बामिंग करून, वर काच असलेल्या पेटीत, घरच्या हॉलमध्ये किंवा पुनेरार्याच्या म्हणजे फ्युनरल पार्लरच्या चॅपलमध्ये ठेवतात. गरीब वस्तीत घर छोटं असेल तर गल्लीतच तंबू टाकतात, कधी बरंगायच्या हॉलमध्ये किंवा बास्केटबॉल कोर्टवर सोय होते (बरंगाय म्हणजे तिथलं सगळ्यात खालचं सरकार, आपल्या ग्रामपंचायतीच्या किंवा वॉर्डाच्या पातळीचं). साधारण 3 ते 7 दिवस. मुलगी सौदीत आणि मुलगा जहाजावर असेल तर त्याहून जास्त, कारण ते आल्याशिवाय पुरायचं नाही असं घरचे ठरवतात आणि ज्या देशात प्रत्येक गल्लीतलं कुणी ना कुणी परदेशात कमावतंय तिथे हे नेहमीचंच आहे.

या सगळ्या दिवसांत नियम एकच, देह एकटा सोडायचा नाही. रात्री 3 वाजताही कुणीतरी जागं असलंच पाहिजे. आता घरचे माणूस गेल्याच्या धक्क्यात, सलग पाच रात्री ते कसे जागणार? म्हणून शेजारी येतात, ऑफिसातले येतात, शाळेतले मित्र येतात, पाळ्या लावल्यासारखे बसतात. त्यांच्या बाकीच्या ज्या ज्या गोष्टी आपल्याला विचित्र वाटतात ना, कॉफी, बिया, पत्ते, गप्पा, त्यातल्या बऱ्याचशा या एका गरजेतून आल्यात असं माझं मत आहे. रात्र काढायची आहे आणि घरच्यांना एकटं पडू द्यायचं नाहीये.

मी गेलो तर लोक पत्ते खेळत होते, हसत होते. हा अपमान नाही का?

नाही. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच असेल. पेटीजवळ वातावरण शांत असतं, तिथे प्रार्थना चालते, रडणं चालतं. पण दहा पावलांवर तंबूखाली प्लास्टिकच्या टेबलांवर तोंगइत्स, पुसोय, माजाँग सुरू असतं, कोपऱ्यात कुणीतरी गेलेल्या माणसाचेच किस्से सांगून लोकांना हसवत असतो. घरच्यांना ते चालतं, किंबहुना हवं असतं, रिकामा तंबू बघण्यापेक्षा गोंगाट बरा. आणि दुसरं असं की खेळातल्या पैशातून एक हिस्सा, त्याला तोंग म्हणतात, बाजूला काढून घरच्यांना देतात. पेटीचं बिल भागवायला तो उपयोगी पडतो.

हां, आता याची दुसरी बाजू पण सांगायला हवी. साकला नावाचा स्पॅनिश पत्त्यांचा जुगार आहे, तो कायद्याने बंद आहे. बेकायदा जुगारावर 1978 पासून कडक शिक्षेचा डिक्री म्हणजे राष्ट्राध्यक्षांचा हुकूम आहे, क्रमांक 1602. पण मयताच्या तंबूत पोलीस सहसा काणाडोळा करतात, आणि मग त्याचा फायदा घेणारेही निघतात. बेवारस मृतदेह मिळवून खोटा लामाय मांडला आणि महिनाभर जुगार चालवला अशा बातम्या तिकडे अधूनमधून येतात. तुम्हाला कुणी टेबलावर बसायला बोलावलं तर नुसतं बघत बसा, कुणी वाईट वाटून घेत नाही.

अबुलॉय किती द्यायचा?

अबुलॉय म्हणजे मयताच्या घरी दिलेली मदत, बहुतेक वेळा रोख. साध्या पांढऱ्या पाकिटात घाला, वर नाव लिहा. पेटीजवळ डबा असेल तर त्यात टाका, नसेल तर घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या हातात द्या. ठरलेला आकडा नाही. ऑफिसात सगळ्यांनी मिळून काढले तर उत्तमच. एक वही असते, तिच्यात कुणी किती दिले ते लिहून ठेवतात, अगदी आपल्या लग्नातल्या आहेराच्या वहीसारखी, आणि उद्या तुमच्या घरी काही झालं तर ती वही उघडली जाते. त्यामुळे फार मोठी रक्कम देऊन समोरच्यावर ओझं टाकू नका. आणि द्यायला काहीच नसेल तरी जा. तांदूळ, कॉफीची पाकिटं, बिस्किटांचा डबा, खुर्च्या उचलायला दोन हात, याचीही मोजदाद लोक मनात ठेवतात.

हल्ली मयताच्या फेसबुक पोस्टवरच जीकॅशचा (मोबाइलवरून पैसे पाठवायचं तिकडचं ॲप) क्यूआर कोड टाकलेला असतो. सुरुवातीला मला ते जरा कसंतरीच वाटायचं. पण अबू धाबीत बसलेली भाची पैसे पाठवणार कसे, हा साधा हिशेब आहे.

ज्यांच्याकडे पैसेच नाहीत ते एवढं सगळं कसं निभावतात?

इथे थोडं लांबण लागेल.

पहिली फळी शेजाऱ्यांची. विसायास आणि मिंडानाओच्या (देशाच्या मधली आणि दक्षिणेकडची बेटं) कितीतरी गावांत दायोंग नावाची पद्धत आहे. गावातल्या सभासद घरांपैकी कुठेही मयत झाली की प्रत्येक घराने ठरलेली रक्कम किंवा ठरलेले तांदूळ द्यायचे. कुणी मागायला जात नाही, देणं बंधनकारकच. पेटी बनवणं, खड्डा खणणं, स्वयंपाक, लाकूडफाटा, ही कामंसुद्धा वाटून घेतात. शहरात तेच काम संघटना करतात. तीनचाकी ट्रायसिकल चालवणाऱ्यांची तोडा नावाची असोसिएशन प्रत्येक स्टँडवर असते, एखादा ड्रायव्हर गेला की बाकीचे वर्गणी काढतात. बाजारातले विक्रेते, चर्चचे गट, शाळेची जुनी बॅच, सगळ्यांचं असंच.

दुसरी फळी बरंगायची आणि पुढाऱ्यांची. तंबू, खुर्च्या, कधी अँब्युलन्स किंवा ट्रक. तंबूवर मेयरचं नाव नाहीतर फोटो छापलेला असतो, फुलांच्या स्टँडवरच्या रिबिनीवर नगरसेवकाचं नाव ठळक. आपल्याकडे बॅनरवर भावपूर्ण श्रद्धांजली आणि खाली पंचवीस फोटो लावणाऱ्यांना हे नवीन वाटायचं कारण नाही. मतांसाठी करतात, सगळ्यांना माहीत आहे, तरी खुर्च्या लागतातच.

तिसरी फळी सरकारी. सोशल सिक्युरिटी सिस्टीमच्या (एसएसएस) सभासदासाठी अंत्यविधीचा लाभ 12,000 ते 60,000 पेसो आहे, किती हप्ते भरलेत त्यावर. समाजकल्याण खात्याकडे, म्हणजे डीएसडब्ल्यूडीकडे, गरीब घरांना दफनाची मदत मिळते पण रांग आणि कागदपत्रं आलीच. ज्येष्ठ नागरिकांच्या 2010 च्या कायद्यात अंत्यविधीच्या खर्चावर 20 टक्के सूट आणि वारसांना किमान 2,000 पेसो असंही आहे. हॉस्पिटलचं बिल थकलं म्हणून देह अडकवून ठेवायचा नाही असा कायदा 2007 मध्ये झाला, क्रमांक 9439, त्यात वारसांनी प्रॉमिसरी नोट लिहून देऊन मृत्यूचे कागद घेऊन जायची सोय आहे, पण प्रायव्हेट रूममध्ये राहिलेल्या पेशंटला तो लागू नाही.

आणि एवढं असूनही कर्ज होतंच. पुनेरार्याचं बिल भरल्याशिवाय अंत्ययात्रा निघत नाही म्हणून लामाय दोन-तीन दिवस लांबवला, तेवढ्यात अबुलॉय आणि तोंग जमला, मग पुरलं, असं गरीब घरांत सर्रास होतं. हे सगळं फार सुंदर आहे वगैरे लिहिणाऱ्यांनी हा भाग गाळलेला असतो. येणाऱ्या प्रत्येकाला खायला घालायचं, आठवडाभर, त्याचा खर्च घरच्यांच्याच डोक्यावर. तरी मला वाटतं की एका घरावर पडणारं ओझं शंभर जणांत फोडायची ही यंत्रणा आहे, गळकी आहे, पण आहे.

काय घालून जाऊ?

पांढरं, काळं, ग्रे. लाल अजिबात नको. घरातल्या लहान मुलांना मात्र मुद्दाम लाल कपडे घातलेले दिसतील, आत्म्याने त्रास देऊ नये म्हणून. अंत्ययात्रेच्या दिवशी गेलेल्या माणसाचा फोटो छापलेले पांढरे टी-शर्ट कुटुंबाने घातलेले असतात, तुम्हाला एक दिला तर घाला, ते आपलेपणाने देतात.

मी हिंदू आहे, रोझरीला (जपमाळेवरच्या प्रार्थनेला) बसलो तर चालेल?

चालतं. मागे शांत बसा. मिस्सामध्ये (चर्चच्या प्रार्थनाविधीत) कम्युनियन म्हणजे पवित्र भाकर घ्यायला रांगेत उभे राहू नका, ते फक्त कॅथलिकांसाठी. गोव्या-वसईकडच्या वाचकांना हे सांगायची गरज नाही, त्यांच्या शेजारी हे चालूच असतं. पेटीजवळ जाऊन एकदा चेहरा बघायची पद्धत आहे. नको वाटत असेल तर लांबून नमस्कार करा, कुणी जबरदस्ती करत नाही. आणि हो, पेटीशेजारी उभं राहून कुटुंबाचा ग्रुप फोटो काढतात, तोंडावर आश्चर्य दाखवू नका.

खायला काय असतं? मी व्हेज आहे.

कॉफी, बिस्किटं, कँडी, कलिंगडाच्या भाजलेल्या बिया (बुतोंग पाक्वान, एकदा सोलायला लागलात की थांबता येत नाही), शेंगदाणे. इथपर्यंत व्हेजचं निभतं. रात्री उशिरा सोपास किंवा लुगाव, म्हणजे पातळ सूप आणि भाताची पेज, त्यात बहुतेक वेळा चिकन असतं. पान्सित नूडल्समध्येही डुक्कर किंवा कोळंबी असू शकते, विचारून घ्या.

एक गंमत. शेवग्याचा पाला तिकडे रोजच्या जेवणात असतो, मालुंगगाय म्हणतात, पण लामायमध्ये तो रांधत नाहीत. पानं एकामागून एक ओरबाडतात तशी माणसं एकामागून एक जातील, ही भीती. आणि उरलेलं खाणं घरी नेऊ नका, तेही अशुभ मानतात.

तिथून निघाल्यावर सरळ घरी जायचं नाही म्हणतात, खरंय?

खरंय, त्याला पागपाग म्हणतात. मेलेल्याचा आत्मा मागे मागे घरी येऊ नये म्हणून वाटेत कुठेतरी थांबायचं. पूर्वी कुठेही थांबायचे, आता जॉलिबी (तिकडचं फास्ट फूडचं दुकान) नाहीतर सेव्हन-इलेव्हन. शिकलेसवरलेले डॉक्टर, इंजिनियरसुद्धा पाळतात, हसत हसत पाळतात पण पाळतात. आपण मयताहून आलो की दारातच पाय धुतो, आंघोळ करतो, त्यामुळे यावर फार हसू नये. तुमच्या गाडीतून सहकारी परत येत असतील आणि म्हणाले दोन मिनिटं थांबूया, तर थांबा. चहा घ्या.

अजून कुठल्या समजुती माहीत असाव्यात?

पेटीच्या काचेवर अश्रू पडू द्यायचा नाही. लामाय चालू असताना घर झाडायचं नाही. मृताच्या हातातली रोझरी पुरण्याआधी तोडायची, नाहीतर मरणाची साखळी सुरू राहते. अंत्ययात्रा निघताना घरातल्या लहान मुलांना उचलून पेटीवरून पलीकडे देतात. इलोकोस भागात घरासमोर लाकडाचा ओंडका जळत ठेवतात. खून झालेला असेल तर पेटीच्या काचेवर जिवंत पिल्लू सोडतात, कोंबडीचं, टोचून टोचून खुन्याची सदसद्विवेकबुद्धी जागी करायला.

ते पिल्लू मी फोटोत पाहिलंय, ड्रग्जच्या बातम्यांमध्ये. तो काय प्रकार होता?

2016 पासून तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रोद्रिगो दुतेर्ते यांच्या सरकारने ड्रग्जविरोधी मोहीम चालवली, त्यात हजारो माणसं मारली गेली, बहुतेक मनिलाच्या आसपासच्या गरीब वस्त्यांतली. या घरांचं दुःख वेगळं होतं. नेहमी गच्च भरणारा तंबू इथे ओस पडायचा, कारण त्या घरी गेलो तर आपलंही नाव संशयितांच्या यादीत येईल ही भीती. म्हणजे जी व्यवस्था घरच्यांना एकटं पडू देत नाही तीच मोडली. तेव्हा काही पाद्री पुढे आले. त्यातले फादर फ्लावियानो विलानुएवा, त्यांनी विधवा आणि मुलांना आधार देणारा प्रोग्राम पागहिलोम सुरू केला. सार्वजनिक कबरस्तानातली भिंतीतली जागा बहुतेक 5 वर्षांच्या भाड्याने मिळते, मुदत संपली की अस्थी बाहेर काढतात. गरीब घरांना परत भाडं झेपत नाही. त्यांच्यासाठी विलानुएवांनी अस्थी सन्मानाने काढून, दहन करून, कलश ठेवायला कालोओकानमधल्या ला लोमा कबरस्तानात स्मारक उभं केलं. 2025 चा मॅगसेसे पुरस्कार मिळालेल्यांत तेही आहेत, तोच पुरस्कार जो आपल्या विनोबांना 1958 मध्ये, पहिल्याच वर्षी मिळाला होता.

पुरल्यानंतर संपलं का?

छे. पासियाम म्हणजे नऊ रात्रींची प्रार्थना असते, बहुतेक घरात, गल्लीतली एखादी म्हातारी बाई पुढे बसून म्हणते आणि बाकीचे मागून म्हणतात. मग 40 वा दिवस, तोपर्यंत आत्मा इथेच घुटमळतो असं मानतात. येशू पुनरुत्थानानंतर 40 व्या दिवशी स्वर्गात गेला, त्यावरून. मग वर्ष झालं की बाबांग लुकसा, दुखवटा उतरवायचा दिवस, मिस्सा, जेवण, काळे कपडे बंद. कामावर या तारखा लक्षात ठेवा. आपल्याला वाटतं महिना झाला, आता तो नॉर्मल झाला असेल, आणि त्याच्या घरी तेव्हा 40 व्याची तयारी चालू असते. त्या दिवशी नुसतं "आज आईचा दिवस ना" एवढं म्हटलंत तरी पुरे.

शिवाय दरवर्षी उंदास, 1 नोव्हेंबरला. सगळं कुटुंब कबरस्तानात, मेणबत्त्या, फुलं, डबे, चटया, काही जण रात्रभर तिथेच. मनिला नॉर्थ सिमेटरी 1904 ची आहे, त्या दिवशी तिथे पंढरपुरासारखी गर्दी होते आणि गेटवर पोलीस पत्ते, दारू, सुऱ्या, मोठे स्पीकर काढून घेतात.

मित्र परदेशात अडकलाय, आईच्या अंत्यविधीला जाता येत नाहीये. मी काय करू?

एकटं सोडू नका, बस. फेसबुक लाइव्हवर किंवा व्हिडिओ कॉलवर तो रात्रभर लामाय बघत असेल, मनिला दुबईच्या 4 तास पुढे आहे. शेजारी बसा. कोविडमध्ये तर कित्येकांना एवढंच नशिबात होतं. जहाजावर असाल तर कॅप्टनला विचारून मेसमध्ये एक छोटी प्रार्थना ठेवता येते, फिलिपिनो क्रू स्वतःच पुढाकार घेतो, तुम्ही फक्त हजर राहा आणि वर्गणीत नाव घाला. त्याची एक वॉच म्हणजे ड्युटीची पाळी तुम्ही करायची तयारी दाखवलीत तर फारच उत्तम.

आणि सहकारीच तिकडे वारला तर?

ताबडतोब फिलिपाइन्सच्या वकिलातीला आणि त्यांच्या मायग्रंट वर्कर्स ऑफिसला कळवा. भरती करणाऱ्या एजन्सीवर देह परत पाठवायची जबाबदारी कायद्याने आहे, त्यामुळे मित्रांनी घाईत स्वतः पैसे भरायच्या आधी हे विचारा. तो ओव्वाचा (परदेशी कामगारांच्या कल्याणाची त्यांची सरकारी संस्था) चालू सभासद असेल तर घरच्यांना नैसर्गिक मृत्यूसाठी 1,00,000 पेसो, अपघातासाठी 2,00,000 आणि दफनासाठी 20,000 अशी तरतूद आहे. त्याच्या खोलीतलं सामान, फोन, पासबुक यांची यादी दोन साक्षीदारांसमोर करा. नंतर त्यावरून भांडणं होतात.

सगळे फिलिपिनो असंच करतात का?

नाही. मिंडानाओचे मुसलमान, मारानाओ, तौसुग, मागिंदानाओ, हे शक्यतो 24 तासांत दफन करतात, एम्बामिंग नाही, पत्ते तर नाहीतच. त्यांना अबुलॉयच्या गप्पा सांगू नका, आधी विचारा. उत्तरेकडच्या डोंगरांत इगोरोत लोकांच्या पद्धती वेगळ्या, सागादाच्या कड्यावर टांगलेल्या शवपेट्या तुम्ही फोटोत पाहिल्या असतील. बॉर्न-अगेन ख्रिश्चन, इग्लेसिया नि क्रिस्तोवाले (तिकडचा एक वेगळा ख्रिश्चन पंथ) यांना नऊ दिवस, 40 दिवस मान्य नाहीत.

वादळात एकदम हजारो माणसं गेली तेव्हा?

8 नोव्हेंबर 2013 ला योलांदा वादळाने ताक्लोबान शहर आणि आसपास धुऊन काढलं, सरकारी आकड्याने 6,300 मृत्यू. लामाय नाही, पेट्या नाहीत, कितीतरी जणांची ओळखच पटली नाही, शहराच्या बास्पेर भागातल्या सामूहिक कबरीत पुरावं लागलं. लोक आजही तिथे जातात, आपला माणूस नक्की कुठे आहे हे माहीत नसताना एखाद्या क्रॉसवर नाव लिहून मेणबत्ती लावतात. दरवर्षी 8 नोव्हेंबरला संध्याकाळी शहरात रस्त्यांच्या कडेने मेणबत्त्या लागतात.

फुलं पाठवू का?

पाठवा, पण पैसे थोडेच असतील तर पाकीट द्या, फुलं मेयर पाठवतोच.